नलू, ऐकू येतंय का?

वहिनी, आज सकाळी खालच्या घरमालकीणबाई वर आल्या होत्या. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातानं डोळ्यांना पदर. आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुंबा ओळ्ळे हुडुगी." फार चांगली मुलगी होती. तुझ्याबद्दल म्हणाल्या हो, दुसऱ्या कुणाबद्दल नाही! तू असतीस तर मला कोपरानं ढोसून विचारलं असतंस, "नलू, ऐकू येतंय का?" मी म्हटलं असतं, "येतंय, खरंच बोलतायत." मग दोघी स्वयंपाकघरात पळालो असतो आणि तोंडात पदर कोंबून हसलो असतो. आज मी एकटीच आत गेले आणि केळी ताटलीत ठेवून परत आले.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. लोक भेटायला येतात आणि आवाज खाली करून विचारतात, "त्यातच गेली का?" त्यातच म्हणजे कशात, ते कुणी उच्चारत नाही. मी आता फटकन सांगते, कावीळ झाली. ज्या आजाराची आम्ही इतकी वर्षं धास्ती घेतली, ज्याच्यासाठी दादानं घरातल्या सुऱ्यासुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या, त्यानं तुझं काही केलं नाही. भलत्याच, पाण्यातून येणाऱ्या दुखण्यानं तुला नेलं. मला रडायला येतं त्याहून जास्त राग येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

तू आमच्या घरी आलीस ब्याण्णव साली. मिरजेची पोर, कॉलेजच्या खो-खोच्या संघातली. अप्पा सरकारी कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, दादा होसकोट्याच्या कारखान्यात शिफ्ट करायचा, मी एका कंपनीत ड्रॉइंग सेक्शनला. बेंगळुरातल्या महादेवपुऱ्याच्या त्या गल्लीत तेव्हा चार घरं, एक नळ आणि पलीकडे रान. लग्नानंतर आठवड्यातच दादा डबा विसरून निघाला आणि तू साडी खोचून कंपनीच्या बसमागे धावलीस. आणि गाठलीस की बस! ड्रायव्हर टाळ्या वाजवत होता, दादा लाजेनं मान खाली घालून बसला होता. अप्पा गॅलरीतून ओरडले, "शाब्बास!" त्या दिवसापासून अप्पांची तू लाडकी झालीस आणि मी दुसऱ्या नंबरावर गेले.

पुढं काही महिन्यांनी तू म्हणायला लागलीस, "नळावरच्या बायका माझ्याबद्दल बोलतात."

आणि आम्ही काय केलं? आम्ही तुला नारळाची गोष्ट सांगितली.

आमच्या घरातली ती ठरलेली गोष्ट. आई लग्न होऊन कोल्हापूरकडून इथं आली तेव्हा तिला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. वर्षभर तिला वाटायचं, शेजारणी आपल्याला हसतात, आपल्या लुगड्याला नावं ठेवतात. रडून रडून तिनं अप्पांना भंडावून सोडलं. मग भाषा यायला लागली आणि कळलं, त्या बिचाऱ्या नारळाच्या भावाबद्दल बोलत होत्या. बेंगळुरात नवीन आलेल्या प्रत्येक मराठी सुनेला, भाचीला, कुणाच्या पाहुणीलाही आई ही गोष्ट सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे. तूही हसलीस. तुला ती पुन्हा सांगितली, तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा तू हसत नव्हतीस. ते आमच्या लक्षात आलं नाही, कारण आम्हीच मोठ्यानं हसत होतो.

दादा म्हणाला, "हिला कन्नड येऊ दे, सगळं ठीक होईल." आई म्हणाली, "माझं झालंच की." आणि ते काम माझ्याकडं आलं.

तुला आठवतं ना, आपली शाळा गच्चीवर भरायची. मी ऑफिसातून आले की तू वरून हाक मारायचीस, "नलूऽ, कपडे!" आपण दोरीवरचे कपडे काढत काढत शब्द पाठ करायचो. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, बेडा म्हणजे नको. तू पटापट उचललंस. मला कौतुक वाटायचं, बाई! दुकानदार विचारायला लागले, "यांचं माहेर धारवाडकडचं का?" तू भाजीवालीशी घासाघीस करायला लागलीस, ऑटोवाल्याशी भांडायला लागलीस. इकडं तू कमी जेवायला लागलीस, आंघोळ टाळायला लागलीस, खिडकीचा पडदा दिवसाही ओढून घ्यायचीस, कानात कापसाचे बोळे घालून वर मफलर गुंडाळायचीस. आम्ही म्हटलं, इथली थंडी सोसत नाही. काहीही म्हणायचो आम्ही. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडं एक साधंसं उत्तर तयार असायचं.

एका संध्याकाळी तू मला दंडाला धरून खिडकीशी नेलंस. खाली नळाला पाणी आलं होतं, तिघीजणी कळश्या घेऊन उभ्या. तू म्हणालीस, "आता मला सगळं कळतं, नलू. आता गोष्ट सांगू नका."

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

तू स्वच्छ कन्नडात, त्यांच्या त्या गल्लीच्या हेलासकट सांगितलंस. म्हणाल्या, ही जेवणात काहीतरी कालवते, हिला घरात ठेवू नका.

वहिनी, मी जन्मापासून इथली. मी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी होते. त्या बायकांनी एवढंच म्हटलं होतं, पाणी आलं, आज धार बारीक आहे. नंतर त्या निघून गेल्या, नळ बंद झाला, गल्लीत कुत्रंसुद्धा राहिलं नाही, आणि तू तशीच मान कलती करून ऐकत होतीस. मधेच मान डोलावत होतीस. दीड वर्ष आम्ही ज्याला भाषेची अडचण म्हणत होतो, ती भाषेची अडचण नव्हती.

पुढचे काही आठवडे नुसता गोंधळ. आईनं अंगारा लावला. तुझे बाबा मिरजेहून आले आणि म्हणाले, "आमच्याकडं होती तेव्हा ठणठणीत होती." आमच्या मावशीनं सुचवलं, हवापालट म्हणून थोडे दिवस माहेरी पाठवा. अप्पा एरवी कुणाला तोडून बोलत नाहीत, पण तेव्हा कडाडले, "पार्सल आहे का ती?" त्या एका वाक्यासाठी अप्पांच्या पाया पडावं असं मला वाटलं होतं. तू दाराआडून ऐकलंस आणि नंतर मला हळूच विचारलंस, "अप्पा खरंच म्हणाले का? की मला तसं वाटलं?" मी म्हटलं, "खरंच म्हणाले." तू म्हणालीस, "बरं झालं." आपल्या त्या प्रश्नोत्तराची सुरुवात तिथं झाली असावी.

दोन बस बदलून आपण मनाच्या आजारांच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तू, दादा, आई, मी. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, केसांत अबोलीचा गजरा. त्यांनी आम्हाला गप्प बसवलं आणि तुझ्याशी बोलल्या. विचारलं, आवाज कोणत्या भाषेत बोलतात? तू अगदी सहज सांगितलंस, "आधी नुसता गलका असायचा, अर्थ लागायचा नाही. मग नलूनं कन्नड शिकवलं, तेव्हापासून नीट कळतं." तू माझं कौतुकच करत होतीस ग.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं तेव्हा दादानं ते दोनदा चुकीचं म्हटलं. स्किझोफ्रेनिया. आई म्हणाली, "असल्या नावाचं दुखणं आपल्यात नसतं." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे कुणातही असतं, आणि हे सुनेच्या स्वभावामुळं नाही, माहेरच्या वळणामुळं नाही, तुमच्या घरामुळंही नाही. मी बाहेर गाठून त्यांना विचारलं, "मी भाषा शिकवली म्हणून वाढलं का?" त्या म्हणाल्या, "भाषेनं आजार होत नाही. वेळ गेला, एवढंच. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं." त्यांचं ते 'एवढंच' माझ्या मनातून अजून जात नाही.

दादानं विचारलं, "बरी कधी होईल?" कारखान्यातला माणूस, त्याला तारीख हवी होती. त्या म्हणाल्या, काही जण पुष्कळ सुधारतात, काही जण गोळ्या घेऊन संसार, नोकरी सगळं करतात, काहींना फार जड जातं. ही कशी होईल ते मी आज सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि घरच्यांनी एक लक्षात ठेवायचं: आवाज खरा नसला तरी ऐकू येणं खरं आहे. तिला खोटं पाडू नका. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बसमध्ये आई मला म्हणाली, "काय ते खरं आणि काय खोटं, मला बाई काही कळलं नाही." मी म्हटलं, मला कळलंय. मला कुठं कळलं होतं!

गोळ्यांनी तुझं रूप बदललं. वजन वाढलं, हात कापायला लागले, पाय ताठरले. पण आवाज हळूहळू मागं सरकले. गेले नाहीत, मागं सरकले, असं तूच म्हणायचीस. आणि मग तूच ती युक्ती काढलीस. शेंगा निवडता निवडता विचारायचीस, "नलू, विमान ऐकू येतंय का?" "हो." "फुलवाला?" "हो, गल्लीच्या तोंडाशी आहे." "माझं नाव कोण घेतंय?" "कुणी नाही." "सरी," म्हणून तू पुढची शेंग घ्यायचीस. सगळ्या घराला ते सवयीचं झालं. बरी असलीस की तू चेष्टेतही आणायचीस. दादा काही गोड बोलला की मला विचारायचीस, "केळिस्ता? ऐकलंस ना? नाहीतर मला भास व्हायचा!" दादा कानापर्यंत लाल.

मग तो घरमालकीणबाईंचा प्रसंग झाला. तू गॅलरीत उभी होतीस आणि खाली त्या भाजीवालीला सांगत होत्या, वरच्या घरात ती हुच्ची राहते ना. हुच्ची म्हणजे वेडी, हे तुला शिकवायला मी नको होते. तू आत येऊन आईला विचारलंस, "आई, कुणी काही बोललं का खाली?" आईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणाली, "छे ग, कुणीच नाही." मायेनंच म्हणाली. संध्याकाळी मला सांगून रडली. मी तिच्याशी भांडले, तिला खरं सांगायला हवं होतं म्हटलं. आई म्हणाली, "आणि तिला काय वाटेल? तू सांगशील का तोंडानं?" मलाही सांगवेना.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंसमोर तू खाली मान घालून म्हणालीस, "आवाज परत आलेत." किती हरल्यासारखी बसली होतीस तू. त्यांनी गोळी वाढवायला पेन उचललं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो आवाज खरा होता हो! खालच्या बाई खरंच म्हणाल्या."

तू माझ्याकडं वळलीस. मला वाटलं, आता रडशील, आता ओरडशील. तू विचारलंस, "मला हुच्ची म्हणाल्या? खरंच? मी बरोबर ऐकलं?" आणि अशी हसायला लागलीस की डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. गोळी वाढली नाही. परत येताना तू मोगरा घेतलास, बसस्टॉपजवळच्या हॉटेलात मसाला डोसा मागवलास, वर माझ्या ताटलीतलाही अर्धा खाल्लास. घरी येऊन आईचे हात धरलेस आणि म्हणालीस, "आई, शिवी खरी असली तर सांगत जा. शिव्या मला पचतात." दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बाईंना इतकं गोड 'चन्नागिद्दीरा' केलंस, बऱ्या आहात ना म्हणून, की त्या बिचाऱ्या घाबरूनच गेल्या. त्या दिवसांची आठवण आली की मला देवाचे आभार मानावेसे वाटतात. एरवी मी काही फार देवभोळी नाही.

पण आपलं एक भांडण राहूनच गेलं, वहिनी. तुला गोळी कमी करून हवी होती. म्हणायचीस, "एकदा मला पळून बघायचंय. बस नको, निदान कोपऱ्यापर्यंत." तू आरशासमोर पाय उचलून बघायचीस आणि तो लाकडासारखा खाली यायचा. डॉक्टरीणबाई तयार होत्या, म्हणाल्या हळूहळू करून बघू, घरच्यांनी लक्ष ठेवा. आम्हीच कचरलो. मी तर सगळ्यात पुढं. मला ती खिडकीतली संध्याकाळ परत नको होती. तू मला विचारलंस, "तुम्हाला मी बरी झालेली हवीये की गप्प झालेली?" मी म्हटलं, "उगाच शब्दात पकडू नकोस." आणि उठून कपड्यांना इस्त्री करायला लागले. उत्तर मला आजही देता येत नाही. तू परत आलीस तर कदाचित मी परत तशीच घाबरेन. पण निदान तसं तोंडावर सांगेन की मी घाबरलेय. तू ते समजून घेतलं असतंस, माझी खात्री आहे.

शेवटच्या वर्षात तू ते कमी विचारायचीस. एखाद्या वेळी मधेच थांबायचीस, मान कलती व्हायची, आणि विचारायचीस, "ऐकू येतंय का?" मी पोळ्या लाटत असायचे, पाठ न वळवता म्हणायचे, "नाही." मी खोटं बोलत नव्हते, आणि त्याचा मला केवढा ताठा होता! आई खोटं बोलली, मी नाही, असा. तू "सरी" म्हणायचीस. मी 'नाही' म्हटलं की माझं काम संपायचं. तुझं कुठं संपत होतं? त्या आवाजाबरोबर तू उरलेला दिवस काढायचीस, आणि इतक्या वर्षांत मी तुला एकदाही पुढचं काही विचारलं नाही.

परवा दुपारची गोष्ट सांगते आणि थांबते. मी रजेवर घरीच होते. आई तांदूळ निवडत होती, अप्पा पेपर तोंडावर घेऊन पडले होते. आणि गच्चीवरून मला तुझी हाक आली. स्पष्ट, शेवटचा स्वर लांबवून, तशीच. मी ताडकन उठले. मग जागच्या जागी उभी राहिले आणि आईला विचारलं, "आई, ऐकू आलं का?"

आई आता काय म्हणेल, याची मला इतकी भीती वाटली. 'हो' म्हणाली असती तर मला खोटं वाटलं असतं. 'नाही' म्हणून तांदळात परत मान घातली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

आईनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडं बघितलं.

"नाही ग," ती म्हणाली. "मला नाही आलं. काय म्हणाली ती?"

बस, एवढंच. काय म्हणाली ती. शाळेत चार इयत्ता शिकलेली माझी आई, जिला बसमध्ये काही कळलं नव्हतं, तिनं विचारलं. वहिनी, मी तुला हे का नाही विचारलं ग?

"कपडे काढ म्हणाली," मी सांगितलं.

"मग जा की," आई म्हणाली.

मी वर गेले. दोरी रिकामी होती, कपडे सकाळीच वाळून खाली आले होते. तरी मी दोरीला धरून थोडा वेळ उभी राहिले, आणि मग मोठ्यानं ओ दिली.